जॅमच्या चार बाटल्या

लेक : मोटरसायकलची किल्ली मिळणार नाही, बाबा. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक पुन्हा गळतोय.

बाबा : गळतोय कसला! जरा घाम आलाय त्याला. कालच नवी रबरी रिंग बसवलीय मी.

लेक : नवी? तुमच्या त्या पत्र्याच्या डब्यातली?

बाबा : अस्सल माल आहे तो. वीस वर्षं जपलाय, पावडर लावून.

लेक : महिन्यातली ही तिसरी अस्सल रिंग. वर सिलिकॉन थापलंय, भिंतीला गिलावा करावा तसं.

बाबा : खबरदारी घेतली.

लेक : पेट्रोल लागून त्याचा लगदा झालाय. तो सुटून कार्बोरेटरात गेला की बसा ढकलत.

बाबा : कालपरवापर्यंत माझ्यामागे टॉर्च धरून उभी राहायचीस. टॉर्चसुद्धा हलायची. आज मला गॅस्केट शिकवतेस?

आई : अहो, मी हेल्मेट घालून अर्धा तास उभी आहे. बहिणीकडे आज जायचंय की पुढच्या वर्षी?

लेक : हेल्मेट काढ, आई. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर काय होतं, विचार यांना.

आई : काय होतं हो?

बाबा : काही होत नाही.

आई : म्हणजे पेट घेतं. तुम्ही 'काही होत नाही' म्हणालात की मी आधी बादली भरून ठेवते.

लेक : बाबा, तुमची रिंग वाईट नाही हो. पेट्रोल बदललंय. त्यात आता अल्कोहोल मिसळतात. जुनं रबर ते पितं आणि फुगतं.

बाबा : मी जन्मात थेंबाला शिवलो नाही, आणि माझ्या रिंगा प्यायला लागल्या?

लेक : खोटं वाटतंय ना? मग या बाटल्या बघा. आठ दिवस फडताळात मागे ठेवल्या होत्या. पहिल्या तिन्हींत हल्लीचं पेट्रोल आहे.

आई : थांब, थांब. या माझ्या जॅमच्या बाटल्या! घर पालथं घातलं मी यांच्यासाठी.

लेक : नव्या आणून देते. बाबा, पहिलीतली रिंग चिमट्यानं काढा.

बाबा : ही ढब्बू कुणाची?

लेक : तुमचीच. आता कॉकच्या खाचेत बसवून दाखवा.

बाबा : ...नाही बसत.

लेक : दुसरीत कॉर्कचं गॅस्केट. डिंक सुटला, भुगा उरला. तिसरीत ही तपकिरी, फ्लोरो-रबरची. तीही आठ दिवस त्याच पेट्रोलात होती.

बाबा : हिला काहीच झालं नाही.

लेक : महाग असते, पण टिकते.

बाबा : हं. मग टाक तो डबा भंगारात. तीनशे रिंगा आहेत.

आई : तीनशे? एका गाडीला?

बाबा : गाडीला कशाला? ही नववीत होती. एकटीनं कार्बोरेटर खोलला आणि परत जोडला. त्याच आठवड्यात ते पार्टचं दुकान बंद होत होतं. म्हटलं, पोरगी हेच काम करणार. जन्मभर पुरतील हिला.

लेक : हे कधी बोलला नाहीत.

बाबा : बोलायचं काय त्यात? रिंगा होत्या, संपल्या.

आई : डोळे पुसा. आणि पेट्रोलाचा हात लावू नका डोळ्यांना.

बाबा : ...ती चौथी बाटली कसली? काळी?

लेक : इंजिन ऑइल. त्यातही तुमचीच रिंग आहे. रोज फडताळातून काढून तासभर गरम इंजिनाशेजारी ठेवत होते. काढून बघा.

बाबा : अगं, ही तर जशीच्या तशी!

लेक : ऑइलला ती दाद देत नाही. ऑइल मोजायच्या डिपस्टिकला याच मापाची लागते. माझ्या गॅरेजात येणाऱ्या निम्म्या गाड्यांना चालेल.

बाबा : पण ऑइलमध्ये घालून बघायचं तुला सुचलं कसं?

लेक : मला डबा टाकायचा नव्हता, बाबा.

आई : झालं? आता ती तपकिरी बसवा आणि चला. पाना घ्या.

बाबा : पाना तिच्या हातात दे. टॉर्च कुठंय? मी धरतो.

लेक : हलवू नका हं.