मेट्रोत घेतलेली नाडी

दिल्लीत मयूर विहारला मेट्रोत एक मराठी जोडपं चढलं आणि माझ्यासमोर बसल्या बसल्या बायकोनं नवऱ्याचं मनगट धरलं.

"सुखदा, लोक बघतायत यार."

"बघू देत. आज आयुर्वेदाच्या क्लासमध्ये कुणाची तरी प्रकृती सांगायचीय. तुझी नाडी सापडत नाहीये."

"म्हणजे मी गेलो?"

"गप्प बस. तुला पटकन राग येतो?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना एकदा!"

"पित्त."

"अगं, चहा बंद करून सकाळी कडुलिंबाचा रस पाजलास! कुणालाही राग येईल!"

"वाढलेलं पित्त."

शेजारच्या काकांनी हात पुढे केला. "बेटी, मेरी नाडी भी देख लो."

"अंकल, गुस्सा आता है?"

"बिल्कुल नहीं. घर में वो डिपार्टमेंट मेरी पत्नी का है."

नवऱ्यानं मोकळ्या हातानं काकांशी हस्तांदोलन केलं.