एका हातानं मिटणारी गाडी

विनता : ...आणि मग तिनं उजवा हात ओढणीत गुंडाळला न, सुहासिनी, आणि नुसत्या डाव्या हातानं गाडी मिटवून पाहून राहिली. भर दुकानात.

सुहासिनी : काहून? हाताला लागलं का काही?

विनता : काही नाही लागलं. घरी येऊन त्याच हातानं पोळ्या लाटल्या.

सुहासिनी : वहिनी, जरा सुरुवातीपासून सांगा. मी मदन महलहून इतक्या उन्हात ऑटोनं आली ते भावाच्या नातवाला पाहायला, आणि तुम्ही दारातच गाडी-गाडी करून राहिल्या. आहे कुठे पोरगं?

विनता : आत. दीप्ती झोपवून राहिली. हळू बोल. अगं, पहिली गाडी आजीकडून, असं मी अनिमेषच्या बारशालाच बोलून ठेवलं होतं. तर काल तिला म्हटलं, चल, इथं जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारात जाऊ. दुकानदारानं एक छान मोठी बाबागाडी काढली. मच्छरदाणी, रुंद चाकं, वर खेळणी लटकलेली. पोरगं राजासारखं झोपलं असतं. तर सूनबाई म्हणते, "भैया, छोटी दिखाइए. हल्की. एक हाथ से बंद होने वाली."

सुहासिनी : आजकालच्या मुलींना सगळं हलकंच लागते. आणि पुण्याच्या फ्लॅटात जागा तरी कुठे आहे?

विनता : मीही तेच म्हटलं. त्यांची लिफ्ट म्हणजे उभं कपाट आहे, मी पाहिली आहे. ठीक, लहान घे. मग त्यानं छत्रीसारखी मिटणारी दाखवली, फुलासारखी हलकी. ती म्हणे नको, हिला दोन मुठी आहेत, एकच आडवा दांडा पाहिजे. तशी काढली. तर डाव्या हातानं फरशीच्या रेघेवरून ढकलत दुकानाच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. गाडी रेघ सोडते का, ते पाहून राहिली होती. मग पट्टा. पट्ट्याचं बक्कल एका हातानं लागलं नाही की गाडी बाजूला. दुकानदार माझ्याकडे पाहे आणि मी दुकानदाराकडे.

सुहासिनी : घेतली का शेवटी?

विनता : एक पसंत केली. चुंबकाचं बक्कल आहे, खांद्याला अडकवायचा पट्टा आहे, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसते म्हणे. पण उद्या सांगते म्हणून उठली. बाहेर आल्यावर मी विचारलं, इतकं एका हाताचं काय आहे गं? तर म्हणे, "सोयीचं पडतं, आई." आणि ऑटो थांबवायला पुढे निघून गेली.

सुहासिनी : एका कडेवर पोरगं आणि दुसऱ्या हातात गाडी. वहिनी, अशी गाडी एकट्या बाईला लागते.

विनता : तेच मला टोचून राहिलं न. ज्या घरात नवरा-बायको दोघं आहेत, तिथं गाडी एका हातानं मिटवायची पाळी काहून यावी? नवऱ्याचे हात कुठे गेले?

सुहासिनी : तनय काहून नाही आला?

विनता : ऑफिसचं काम. होळीलाही कामच होतं. आधी व्हिडिओवर आला की फोन घेऊन घरभर फिरवे मला, कढईत काय शिजून राहिलं ते दाखवे. आता नुसतं तोंड दिसते. फोन कुठंतरी टेकवून समोर बसलेला असते, पाहुण्यासारखा. म्हणून म्हटलं, मीच येते पुण्याला. तर लगेच दीप्तीचा फोन, नको आई, आम्हीच येतो, मी आणि अनिमेष. जी मुलगी म्हणे मे महिन्यात जबलपूरला माणसं राहतात तरी कशी, ती स्वतःहून आली.

सुहासिनी : दाल में कुछ काला है.

विनता : आणि परवा बाल्कनीत गेली, मागे दार ओढून घेतलं. माझ्या कानावर एवढंच आलं, "मला खोटं बोलवत नाही रे."

सुहासिनी : रे म्हणाली?

विनता : रे.

सुहासिनी : आमच्या शेजारच्या दिवाकररावांच्या मुलीचं असंच होतं, वहिनी. आधी लेकराला घेऊन हवापालट, मग सामान, मग वकील. तुम्ही तनयला विचारा.

विनता : विचारलं. ती आंघोळीला गेली तेव्हा फोन लावला. म्हटलं, तुमचं दोघांचं बरं चाललं आहे न? तर तो म्हणे, "आई, दीप्ती म्हणेल तीच गाडी घे." मी गाडीचं नावही काढलं नव्हतं.

सुहासिनी : म्हणजे तिनं त्याला आधीच सांगून ठेवलं. तुम्ही बसा चूप. मी गोड बोलून काढून घेते तिच्याकडून.

विनता : तू गोड बोलायला लागली की लोक सावध होतात. मीच विचारते.

(आतल्या खोलीचं दार हलकेच ओढून घेत दीप्ती बाहेर येते.)

दीप्ती : झोपला एकदाचा. आत्या, कधी आलात? चहा टाकते.

विनता : चहा मग. बैस. दुकानदाराचा फोन आला होता, गाडी ठेवून घेऊ का म्हणून.

दीप्ती : हो सांगायचं ना, आई.

विनता : नाही सांगितलं. आधी तू मला सांग. ती गाडी घेऊन तू कुठे चालली?

दीप्ती : कुठे म्हणजे? पुण्याला. घरी.

विनता : कोणाच्या घरी?

दीप्ती : हे काय विचारताय तुम्ही?

विनता : सरळ विचारून राहिली. तू आणि माझा मुलगा एका घरात राहता की नाही?

दीप्ती : राहतो.

सुहासिनी : हे पाहा बेटा, कोणाचं पटते, कोणाचं नाही पटत. आम्ही काही जुन्या वळणाच्या नाही...

विनता : सुहासिनी.

सुहासिनी : चलो, मी काही बोलत नाही.

विनता : परवा बाल्कनीत कोणाशी बोलत होती? "मला खोटं बोलवत नाही रे." कोण आहे तो?

दीप्ती : तनय.

विनता : स्वतःच्या नवऱ्याशी बोलायला दार ओढावं लागते?

दीप्ती : तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून ओढलं.

विनता : म्हणजे तुम्ही दोघं खोटं बोलून राहिले ते माझ्याशी.

दीप्ती : हो.

विनता : बरं झालं, कबूल तरी केलं. आता पुढचंही सांगून टाक, मी घाबरत नाही. वेगळे होऊन राहिले न तुम्ही?

दीप्ती : वेगळे? असं वाटतंय तुम्हाला? हे मनात ठेवून तुम्ही मला रोज आग्रह करून जेवायला वाढत होतात?

विनता : जेवणाचा काय संबंध? गाडीचं सांग. पोरगं एका हातात आणि गाडी दुसऱ्या हातात घेऊन तुला एकटीला कुठे जायचं आहे?

दीप्ती : मला नाही जायचं, आई. गाडी मी तनयसाठी बघतेय.

विनता : तनयला काय झालं?

दीप्ती : त्याचा उजवा हात चालत नाही.

विनता : चालत नाही म्हणजे?

दीप्ती : संक्रांतीच्या आठवड्यात स्कूटरवरून पडला. रस्त्यावर खडी सांडलेली होती. हाड मोडलं नाही, डोक्याला लागलं नाही, सगळे म्हणाले थोडक्यात वाचला. पण पडला तो खांद्यावर. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा असतात, त्या ताणून तुटल्या. ऑपरेशन झालंय. बोटं हलतात, पण कोपर वाकत नाही, खांदा उचलला जात नाही. डॉक्टर म्हणतात, वर्ष-दोन वर्षं लागतील. किती परत येईल ते आत्ता कोणालाच सांगता येणार नाही.

सुहासिनी : संक्रांतीपासून? आणि आता मे लागला.

विनता : होळीला मी त्याला म्हटलं, पोराला पहिला रंग तू लाव आणि फोटो पाठव.

दीप्ती : लावला होता. फोटो मी काढला.

विनता : डाव्या हातानं लावला होता. फोटो आहे माझ्याजवळ. मी साऱ्या कॉलनीला दाखवला तो, आणि एकदाही नीट पाहिला नाही.

दीप्ती : आई...

विनता : तुझ्या आईला माहीत आहे?

दीप्ती : हो. ऑपरेशननंतर ती महिनाभर आमच्याकडेच होती.

विनता : अच्छा.

दीप्ती : मी आधी तुम्हालाच फोन लावत होते. हॉस्पिटलमधूनच. त्यानं लावू दिला नाही. म्हणाला, बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून ते जाईपर्यंत आईनं त्यांना उठवलं, बसवलं, एक-एक घास भरवला. तिच्यासमोर आता दुसरा लुळा हात न्यायचा नाही. थोडा बरा झालो की मीच सांगेन. मग तो थोडा बरा होण्याचीच वाट बघत बसलो आम्ही. आणि तुम्ही पुण्याला यायचं काढलंत.

विनता : म्हणून त्यानं तुला इकडे धाडलं.

दीप्ती : हो.

सुहासिनी : मग तो एकटा कसं करून राहिला तिकडे?

दीप्ती : त्याचा मित्र अनुपम येऊन राहिलाय. शर्टाची बटणं, औषधं, सगळं तो बघतो. आत्या, त्याचं स्वतःचं तो निभावून नेतो हो. अडतं ते अनिमेषपाशी. डाव्या हातावर त्याला घेतलं की दुसरा हात उरत नाही. दार उघडता येत नाही, लिफ्टचं बटण दाबता येत नाही. पाळणाघर अगदी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, पण मीच सोडते आणि मीच आणते, आणि तो खिडकीतून बघत असतो. एक दिवस म्हणाला, मला असं काहीतरी आणून दे की मी ह्याला घेऊन एकटा बाहेर जाऊ शकेन.

विनता : मग तिकडेच काहून नाही घेतली?

दीप्ती : घेतल्या होत्या. एकीचं बक्कल एका हातानं लागेना. त्यानं गुडघे टेकून, पट्टा दातात धरून लावायला घेतलं. अनिमेषला वाटलं बाबा खेळतोय, तो हसायला लागला. ती परत केली. दुसरी एका हातानं ढकलली की बाजूला वळायची. गेटबाहेर पडल्या पडल्या तिचं चाक फुटपाथवरून घसरलं. काही झालं नाही, शेजारच्या काकांनी धरली. पण त्या दिवसानंतर त्यानं गाडीचा विषयच काढला नाही. मीही नाही काढला. इथे तुम्ही म्हणालात, गाडी घेऊ या, तेव्हा ठरवलं की ह्या वेळी सगळं आधी स्वतः करून बघायचं. तिसरी गाडी त्याच्या डोळ्यांदेखत परत न्यायची नाहीये मला.

विनता : आणि मी समजली, तू पोराला घेऊन निघून चालली.

दीप्ती : आलं लक्षात.

सुहासिनी : भर मी घातली, दीप्ती. वहिनी इतक्या दूर नव्हत्या गेल्या.

विनता : गेली होती. तू यायच्या आधीच गेली होती. उगाच माझं आपल्या अंगावर घेऊ नको.

दीप्ती : जाऊ द्या ना आता.

विनता : पण त्याला कोणी सांगितलं, त्याच्या बापाचं करून मी थकली म्हणून?

दीप्ती : थकला नव्हतात?

विनता : थकली होती. रागही येई तुझ्या सासऱ्यांचा. न्हाणीघरात नळ सोडून रडून घेई आणि तोंड पुसून बाहेर येई. तनयनं ऐकलं असेल कधी तरी. पण म्हणून माझ्यापासून लपवायचं? इतके महिने मी त्याला काय काय बोलली. आळशी झाला, बायको बोलेल तसा नाचते, आईची आठवण नाही. तो ऐकून घेई आणि हसे. त्याच्या हाताला मी तेल लावायचं की नाही, तेही आता तोच ठरवणार?

दीप्ती : तेल नाही लावायचं, आई. व्यायाम आहेत.

विनता : मग व्यायाम करून घेईन.

दीप्ती : त्याला मेसेज करू का? नाहीतर फोनवर तुमचा आवाज ऐकूनच त्याला कळेल.

विनता : काय लिहिशील?

दीप्ती : आईंना कळलं. एवढंच.

विनता : लिही. आणि मी रडली असं लिहू नको.

दीप्ती : तुम्ही रडला नाहीत.

विनता : नाही न. तर मग लिहू नको.

सुहासिनी : वहिनी, त्या दुकानदाराला काय सांगायचं? तो वाट पाहून राहिला असेल.

विनता : ठेवून घे म्हणा. ऊन उतरलं की जातो आम्ही. दीप्ती, ती गाडी खरंच सरळ जाते न?

दीप्ती : जाते. तुमच्यासमोरच तर बघितलं मी.

विनता : रिकामी पाहिली. पोरगं बसवून पाहू. आणि दुकानातल्या फरशीवर नाही, बाहेर रस्त्यावर. मी स्वतः ढकलून पाहीन, मगच घेईन.

दीप्ती : चालेल. आई, त्याचा फोन आला. व्हिडिओ कॉल आहे.

सुहासिनी : दीप्ती, चल, पोरगं उठलं वाटते.

दीप्ती : नाही उठला, आत्या. आवाज कुठे आला?

सुहासिनी : उठलं म्हटलं न. चल आत.

विनता : हां, तनय. दिसून राहिला... हो, मीच आहे, दीप्ती आत गेली... जेवला का?... नाही रे, कशाची घाई नाही मला. बसलीच आहे मी. तू सांग.