दुसरी किल्ली

गाड्या जहाजाने परदेशी पाठवणाऱ्या ऑफिसात शिक्षिका आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. तिला पेपर वाचायचा होता. पण खिडकीशी उभे असलेले मायलेक वाचू देतील तर ना!

"अगं, इथे विकून तिकडे दुसरी घेतली तर स्वस्त पडेल."

"घरची गाडी विकायची नाही. साहेब, दोन वर्षांसाठी नेली की परत आणावीच लागते ना?"

"तात्पुरत्या परवान्यावर नेली तर आणावीच लागते, आजी. तिकडे विकता येत नाही."

"आणि नाही आणली तर?"

"दंड बसतो. जबर."

"मग तसाच परवाना करा. गाडी आली की मागोमाग हाही येईल."

"आई, तुझा गाडीवर एवढा जीव कधीपासून? बसलीस की उलटी होते तुला."

"होऊ दे. घसा कोरडा पडला बाई, पाणी पिऊन येते."

आई नळाकडे वळली, तसा मुलगा खिडकीत वाकला.

"साहेब, कायमची न्यायची असेल तर?"

"तिकडचा पूर्ण कर भरा. मग परत आणायचं बंधन नाही."

"तसंच करा. तिला काही बोलू नका."

शिक्षिकेने पेपराचं पान उलटलं.

"झालं का रे?"

"झालं, आई."

"मग दुसरी किल्ली माझ्याकडे दे. गाडी परत आली की ऐनवेळी शोधाशोध नको."

मुलाने खिडकीकडे पाहिलं.

"द्या की," कारकून म्हणाला. "आम्हाला एकच लागते."