जपानचं कुंकू

मुलांनो, तुम्ही तिकडे परदेशात चादर आणता, टॉवेल आणता, त्यावर दूरच्या कुठल्या तरी देशाचं नाव असतं आणि तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. माझ्या राधामावशीनं निजामाच्या राज्यात, आदिलाबादेत बसून जपानहून लुगडी मागवली होती. ती थकल्यावर मी तिच्याजवळ बसून हे उतरवून घेतलं. बोलणं तिचं आहे, मी फक्त लिहिलं.

माझं माहेर नेरडीगोंड्याचं. बाप कापूस पेरे, ज्वारी पेरे, अन् आमाले कापड म्हणजे सणाले बाजारातून आलेलं, त्याचा कोरा वास चार दिवस घरात राह्यचा, तेवढंच माहीत. लग्न होऊन आदिलाबादेत आली तं घर कापडवाल्याचं, पुढं दुकान अन् मागं आमी. मधी एक दार. त्या दाराआड बसून मी डाळ निवडायची अन् पुढचं सगळं ऐकायची, कोणतं गिऱ्हाईक कशाले नाक मुरडते, कोण नुसतं चोळून पाहते अन् जाते. मालकानं मले काही शिकवलं नाई, पण दारानं शिकवलं म्हण ना.

मग मालक तापानं गेले. तुले काय सांगू, दिवस झाले नाई तं माझे दीर भाऊजी म्हणे दुकान मोडू, जागा किराणावाल्याले देऊ अन् वहिनीले नेरडीगोंड्याले पोचवून देऊ. माझ्यासमोर म्हणे, जसं काही मी कोपऱ्यात ठेवलेलं गाठोडंच. माहेरी जाऊन भावजयांच्या चुलीपाशी जन्म काढायचा, हे माझ्यानं होणार नव्हतं. मी सासऱ्याले म्हटलं, मामंजी, मले एक लगनसराई द्या. दुकान चाललं तं चाललं, नाई तं माझी मीच गाडीत बसते. सासरा मोठा न बोलणारा माणूस. त्यानं पान थुंकलं अन् म्हणे, बरं. भाऊजी हसले. वहिनी काय विकणार, म्हणे, डाळ?

त्या वक्ताले बायायले वेड कशाचं, तं नागपुरी लुगड्याचं. हिरवं अंग, तांबडा काठ, भरलेला पदर. परवडे कोणाले, देशमुखाच्या घरी. बाकीच्या येत, हात लावत, सुस्कारा टाकत, जात. अन् मुंबईचा एक अडत्या आमच्याकडं फिरतीले येत होता, बिनकाठाची टोपी घालणारा, भारी गोडबोल्या. तो म्हणे, बहेनजी, जपानवाला नकली रेशमात असंच बनवून देते, पाव किमतीत, तुमी नमुना द्या, मी हुबेहूब आणून देतो. हा हुबेहूब शब्द त्याच्या तोंडात सारखा. धागा इकडचा तिकडं होणार नाई म्हणे, हुबेहूब. पण माल गठ्ठ्यानं घ्यावा लागे, एका दुकानाचं काम नव्हतं. मग मी तामसीच्या दुकानदाराले निरोप धाडला, बाजार करणाऱ्या दोघा-चौघायले धरलं, त्यायले सांगितलं की तुमी घ्या, मी घेते, मिळून मागवू. विधवा बाई बोलून राह्यली म्हणून आधी कोणी मान वर करेना. भाव ऐकल्यावर केली.

नमुन्याले म्हणून एक अस्सल नागपुरी लुगडं मी आणवलं. घडी मोडली नाई, दोन्ही हातावर धरून अडत्यापाशी नेऊन राह्यली तं सासूबाई देवघरातून आल्या. काऊन वं, म्हणे, कोरं कापड तसंच घराबाहेर चाललं? मी म्हटलं, अवो नेसायचं नाई ते, नमुना होय, जपानले चालला. तं म्हणे, जपानले जाओ का काशीले जाओ, माझ्या घरातून बिनबोटाचं कापड जात नाई. अन् करंगळीजवळचं बोट हळदीत बुडवलं, पदराच्या कोपऱ्याले लावलं, त्याच्यावर कुंकू. आपली रीतच होय ती, नव्या कापडाले बोट लावायची, तुझ्या आईनंही लावलं असेल. त्या सवाष्ण, घरातल्या मोठ्या. मी काय बोलणार. अडत्यानं लुगडं कागदात बांधलं अन् गेला.

महिने गेले. भाऊजी रोज विचारत, वहिनी, जहाज कुठवर आलं, पैनगंगेत शिरलं का? शेवटी लगन तोंडावर आले तेव्हा गठ्ठे आले. स्टेशनावर करोडगिरीचा नाका होता, बाहेरच्या मालावर निजामाची जकात लागे. तिथं मुन्शीनं गठ्ठा उघडला, एक लुगडं उचललं, दुसरं उचललं, तिसरं उचललं, अन् चष्मा वर करून म्हणे, बाई, ये धब्बा हर एक पे कैसा?

मी पाह्यलं. काय सांगू तुले. प्रत्येक लुगड्याच्या पदराले, त्याच कोपऱ्याले, पिवळा ठिपका अन् त्याच्यात लाल. आमच्या सासूबाईच्या बोटाएवढा. हळदीचा ओघळ जरा खाली आलेला होता, तोही छापला होता. हुबेहूब. मी मुन्शीले म्हटलं, छपाई आहे. तो म्हणे, छपाई है तो बड़ी अजीब छपाई है. अन् हसला. भाऊजी माझ्या मागंच उभे.

घरी आल्या आल्या मी एक लुगडं पाण्यात घातलं, घासलं, रिठ्यानं घासलं, माझी बोटं सोलली पण तो ठिपका हलला नाई. आपलं कुंकू दोन धुण्यात जाते. जपानवाल्याचं पक्कं. सासूबाईले दाखवलं तं म्हणे, चांगलंच की, त्यायलेही रीत समजते. डोकं फोडून घ्यावं अशी बाई.

अन् आपल्या बायायनं काय केलं, तं येत, लुगडं उलगडत, रंगाले भुलत, अन् पदर पाहिला की हात मागं घेत. हे तं कोणाचं बोट लागलेलं आहे, म्हणत. म्हणजे दुसरीच्या नावाचं. दुसरीचं बोट लागलेलं मी कशी नेसू? मी सांगू सांगू थकली की अवो कोणाचं नाई, यंत्राचं आहे. तं एक म्हातारी म्हणे, यंत्र सवाष्ण आहे का? तामसीवाला त्याचा गठ्ठा परत घेऊन आला अन् दुकानासमोर उतरवून गेला. भाऊजींनी गाडीवाल्याले नेरडीगोंड्याचं विचारून ठेवलं होतं, मले कानावर आलं.

त्यातच बेल्लमपल्लीची एक तेलुगू बाई आली. नवरा कोळशाच्या खाणीत, इथं बहिणीकडं लग्नाले आलेली. तिनं लुगडं उलगडलं. मी म्हटलं आता ही नाक मुरडते. तिनं कोपरा पाह्यला अन् तोंडावर हात ठेवला. बोट्टू, म्हणे. तिच्या बहिणीले हाक मारली, अगं पाह्य, बोट्टू चीर. त्यायच्यात कुंकवाले बोट्टू म्हणतात अन् लुगड्याले चीर. आमचं बोट अन् त्यायचं बोट्टू, बोलायले एकच, पण आमच्या बायायले बोट दिसलं अन् तिले कुंकू. कुंकवासकट जन्मलेलं लुगडं, यापेक्षा शुभ काय, म्हणे. दोघींनी घेतली. जाताना सांगून गेली, आमच्या क्वार्टरात घेऊन या.

मी सासऱ्याले घेऊन मोटारीनं बेल्लमपल्लीले गेली. मामंजी नुसते सोबत म्हणून. खाणीच्या क्वार्टरांपुढं चादर पसरली, दुपारपर्यंत गठ्ठा खाली. पुन्हा गेली. पुन्हा खाली. तामसीवाला कान धरत आला, माझा माल द्या. अन् तिकडच्या बाया नेसून आदिलाबादच्या बाजारात आल्या तशा आपल्याच बाया, ज्यायनं हात मागं घेतला होता त्याच, दुकानात. ते बोटाचं लुगडं आहे का वं? मी म्हटलं, दुसरीच्या नावाचं आहे ते. तं म्हणे, असू दे.

भाऊजींनी गाडीवाल्याचं नाव काढलं नाई मग.

इथं संपावं ना? नाई. अडत्या आला तं शरमलेला. म्हणे, बहेनजी, चूक झाली, मी जपानले कडक लिहिलं, आता डाग येणार नाई. मी पाया पडायची बाकी ठेवली, म्हटलं बाबा, येऊ दे डाग, डागच पाहिजे. तं म्हणे, आता माल निघाला. अन् आली लुगडी, कोरी, स्वच्छ, पदर कसा धुतल्या तांदळासारखा. बेल्लमपल्लीले चादर पसरली. बाया आल्या, कोपरे चाचपून पाह्यले अन् म्हणाल्या, बोट्टू लेदू. कुंकू नाई. लुगड्याले म्हणत होत्या त्या, मले नाई. पण बोलताना नजर वर आली, माझ्या कपाळावर, अन् एकीनं जीभ चावली. मी चादर गुंडाळली.

घरी येऊन सासूबाईपुढं सगळा गठ्ठा टाकला. म्हटलं, तुमी सुरू केलं, आता तुमीच लावा. मले तं लावता येत नव्हतं, माझा हात चालत नव्हता कुंकवाले. बसल्या मग, एकेक पदर मांडीवर घेऊन, कुरकुरत, बोट पिवळं होऊन गेलं, त्या बोटानं भाकर खावी वाटेना म्हणे. विकलं सगळं. अन् दोन धुण्यांत बायाच्या बाया परत, हे नकली आहे, याचं कुंकू गेलं. जपानचं तं नकली रेशीम, नकली कुंकू, ते अस्सल. अन् आमच्या घरची खरी हळद, ती नकली.

पुढं लढाई लागली, जपानचा माल बंद झाला, अडत्याही दिसला नाई. दुकान राह्यलं. भाऊजी गेले, त्यायचा पोरगा बसते आता गल्ल्यावर, अन् मी अजून दाराच्या पुढच्या बाजूले. त्या पहिल्या गठ्ठ्यातलं मी घासलेलं लुगडं विकलं गेलं नाई, ओलं करून ठेवलेलं कोण घेईन. त्याची गोधडी शिवली. हे पाह्य, पायाशी आहे तीच. अंग विरलं, हिरवा तं कुठल्या कुठं गेला, अन् ठिपका पाह्य कसा. मालक गेल्यावर माझ्या कापडाले कोणी बोट लावलं नाई, लावायचंच नसते. त्या जपानवाल्याले कोण सांगणार होतं.

लेकरं परदेशी जातीन तुझी, जाओ, सुखी राहो. त्यायले सांग, नवं कापड आणलं की कोपऱ्याले बोट लावा. पण नमुना धाडायचा असला तं आधी पाण्यातून काढा, मग धाडा. अन् ती गोधडी इकडं ओढ जरा, पाय गार पडले. तशी नाई, उलटी. ठिपका वर येऊ दे.