वेदीपुढची कापसाची गंजी

सन अठराशे चौसष्ट, डिसेंबरची सहा तारीख, मंगळवार, दुपारचे साडेतीन. बंधुभगिनींनो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझा आवाज टिकेल की नाही, ठाऊक नाही. त्या वेळी आपल्या अकोल्याच्या देवळात, ख्रिस्ताच्या क्रुसासमोर, सालोमीबाई कापसाच्या गंजीखाली गुदमरून मेली.

तुम्ही सगळे आलात. शाळेचं अंगण भरलं. खरं तर देवळात जमायचं. देवळात जागा नाही. अजूनही नाही.

सालोमी देवळाची झाडलोट करायची. पटकीच्या साथीत तिची दोन लेकरं एकाच आठवड्यात गेली. तेव्हापासून रोज दुपारी ती वेदीपुढे गुडघे टेकायची. शाळेतली नोकरी संपल्यावर मीही शेजारी बसू लागले. एकदा विचारलं, "इतकी वर्षं विनवतेस, देव बोलतो का काही?"

"बोलत नाई बाई. पण उठून बी जात नाई."

मठातल्या सिस्टरांनी मला पुष्कळ प्रार्थना शिकवल्या. हे कुणी शिकवलं नव्हतं.

अमेरिकेत लढाई पेटली आणि आपला कापूस विलायतेला हवा झाला. दिवाळीनंतर अकोटहून येणाऱ्या कापसाच्या गाड्यांना गावात जागा उरेना. एका अडत्याने देवळाला नवी घंटा देऊ केली, आणि पाद्रीबाबा, तुम्ही किल्ली दिलीत. दोन्हीकडे छपरापर्यंत कापूस. मधे वेदीकडे जायला हातभर वाट. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला कापूस. इथे कुणाला हे ठाऊक नाही?

सालोमी देवळाच्या कारभाऱ्यांना म्हणाली, "भाऊ, हा ओला कापूस आतून तापून राहिला, आपसूक पेटंल. हात घालून पाहा."

कारभारी म्हणाले, "म्हातारे, तुलेच ताप आला असंल. काढा पी."

सगळे हसले. मी तिथेच होते. मीही हसले. हे सांगितल्याशिवाय मला आज खाली बसता येणार नाही.

मग ती एकटीच ओला कापूस उपसून ओट्यावर वाळत घालू लागली. रोज थोडा थोडा. मंगळवारी खालून उपसताना गंजी वरून घसरली.

पाद्रीबाबा म्हणाले, देवाची इच्छा. गंजी देवाने रचली नव्हती, बाबा.

बुधवारी तिची शवपेटी त्या वाटेत मावली नाही. दारातच ठेवली. उशाशी मेणबत्ती लावायला मी वाकले, तर अडत्याच्या राखणदाराने हात धरला. "बाई, कापसापाशी दिवा नाई लावत." म्हणजे धोका सर्वांना कळत होता. सालोमी मात्र उजेडाशिवाय मातीत गेली.

काल मी गंजीत कोपरापर्यंत हात घातला. बाहेर थंडी होती. आत हात टिकेना. दोन आठवड्यांनी नाताळ. तुमची लेकरं पेटत्या मेणबत्त्या घेऊन त्याच वाटेने वेदीकडे जाणार आहेत.

तेव्हा मौन पाळा असं मी म्हणणार नाही. दिवाळीपासून आपण तेच केलं. सालोमीसाठी उभे राहा. मान खाली घालू नका, देवळाच्या दाराकडे पाहा.

पाद्रीबाबा, कारभारी, देऊळ कधी रिकामं करता ते सांगा. नाही केलंत, तर आम्ही बाया टोपल्या घेऊन येऊ आणि तिने सोडलं तिथून उपसायला लागू. तोंडी शब्द मला नको. कागदावर, दोघांच्या सहीनिशी, शुक्रवारी सोळा तारखेला, दुपारी तीनच्या आत.