ताटांवरची नावे

माझा जन्म मनमाडचा. वडील रेल्वेत होते, हत्यारांवर खुणेची अक्षरे कोरत. ते पाहून माझा हात वळला आणि सोळाव्या वर्षी मी नाशिकच्या भांडीबाजारात एका दुकानाच्या पायरीवर छिन्नी-हातोडी घेऊन बसलो. भांड्यांवर नावे घालणे हा माझा धंदा. दुसरा केला नाही. चि. सौ. कां. सुमन हिस मामाकडून, असे ठोकायचे, मग ते ताट शेजारी शिरा घेऊन गेले तरी नावावरून परत यायचे. नाव असले की भांडे घरी येते, एवढे मला कळते. तेच नडले.

सांगतो. सरकारने एकदाच वापरून फेकायची ताटे बंद करायचे ठरवले, म्हणून आमच्या वॉर्डाने समाजमंदिरात भांड्यांची बँक काढली. लोकांनी माळ्यावरची ताटे द्यायची, ज्याच्याकडे कार्य असेल त्याने फुकट न्यायची, धुऊन परत ठेवायची. योजना चांगली, आजही म्हणतो. कचेरीतल्या मॅडम, माझ्या नातीच्या वयाच्या, म्हणाल्या, बाबा, जुनी नावे घासून काढा आणि सगळ्यांवर वॉर्डाचे नाव घाला. वॉर्डाचे घातले. जुनी घासली नाहीत. देणाऱ्याचे नाव पुसू नये, असे मला वाटले. विचारले नाही, ही चूक माझी.

पहिले लग्न झाले. बायकांनी ताटे धुतली, नावे वाचली आणि जन्मभर केले तेच केले. ज्याचे नाव, त्याच्या घरी ताट. आमच्या शेजारच्या सुमनताईंच्या दारात एक जण म्हणाली, घ्या बाई तुमचं ताट, रिकामं नाही आणलं, दोन लाडू ठेवलेत. सुमनताई म्हणाल्या, अगं, मी ते दान दिलंय. तर ती म्हणते, दिलं असेल, नाव तर तुमचंच आहे ना.

महिन्याभरात बँकेचे कपाट रिकामे. मग फुलवाल्या यशोदाबाईंच्या नातवाचे बारसे आले. त्या मला म्हणाल्या, ताटं कुठंयत हो, पाव्हण्यांना काय हातावर वाढू? अखेर त्यांनी कागदी ताटे आणली, आतून प्लास्टिक लावलेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा ढीग गटारीत होता.

मॅडम आल्या. रागावल्या नाहीत, ते जास्त लागले. म्हणाल्या, बाबा, एकही ताट हरवलेलं नाही, आणि बँकेत एकही नाही. वरच्यांना काय सांगू? आठ दिवसांत कपाट भरा, नाहीतर बँक बंद.

आता मला सांगा, लबाडी कोणी केली? कोणीच नाही. तरी ढीग गटारीत.

घरोघर जाऊन ताटे गोळा केली आणि जुनी नावे घासायला घेतली. सुमनताई म्हणाल्या, घासायचंच तर माझ्यासमोर घासा. ओट्यावर बसून घासले. त्यांच्या लग्नात ते नाव घातले तेही मीच. त्यांनी जागेवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, बरं झालं, आता कोणी दारात येणार नाही. त्या सुटल्या की दुखावल्या, मला कळले नाही, आणि विचारायची माझी रीत नाही.

कपाट भरले. परवा एक लग्न आहे. ताटांवर फक्त वॉर्डाचे नाव, म्हणजे कोणाचे, ते मला नीट सांगता येत नाही. एखाद्याच्या माळ्यावर राहिली तर ती कोणत्या दारातून मागायची? ज्यांचे लग्न आहे त्यांचे कल्याण होवो. परवा संध्याकाळी परत येणारी ताटे मोजायला मी समाजमंदिराच्या दारात बसणार आहे.