न झालेल्या फायनलचं पान

एक्स-रेच्या खोलीबाहेर वीज मंडळातला एक निवृत्त लाइनमन आपल्या नंबरची वाट बघत होता. शेजारच्या बाकावर एक आत्या आणि तिचा भाचा बसले होते. भाचा फावल्या वेळात ऑनलाइन विश्वकोशात फुटबॉलवर लेख लिहायचा.

“आत्या, तुझ्या फायनलचा लेख आहे तिथे. फक्त नावात ‘महिला’ घालून शोधायचं.”

“नातीच्या बाईंनी न घालता शोधलं. वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं, त्या वर्षी फायनल रद्द झाली होती म्हणून. पोरीनं सांगितलं होतं, माझी आजी ती फायनल खेळली. आता अख्खा वर्ग तिला थापाडी म्हणतो.”

“रद्द झाली ती पुरुषांची.”

“मग तिच्या नावात ‘पुरुष’ घाल.”

“तसा नियम नाही. पुरुषांची फायनल म्हणजे नुसती फायनल.”

“वा. नव्वद मिनिटं आम्ही धावलो आणि पाटी त्यांची. घरी बसून मिळाली.”

“सात संपादकांनी चर्चा करून ठरवलंय गं.”

“त्यातल्या किती जणांनी आमचा सामना पाहिला होता?”

“कोणीच नाही.”

“मी त्यात दोन गोल मारलेत. माझं मत घे.”

“तुझं चालत नाही. तुझा हितसंबंध येतो ना.”

लाइनमनचा नंबर पुकारला गेला. तो जागचा हलला नाही.

“बरं, त्या सातांची नावं तरी सांग.”

“खरी नावं कोणालाच माहीत नसतात. तिथे जो तो हवं ते नाव घेऊन बसतो.”

“मग मलाही एक घेऊन दे. सोमवारी शाळा उघडते, त्याआधी उरकू.”